दात घासायचं वाळूचं घड्याळ

फोन खिशात वाजत होता आणि हात मेणात अडकले होते.

हाताच्या दुखण्यावर ज्यानं कधी मेणाचा शेक घेतलाय त्यालाच ही पंचाईत कळेल. भांड्यातल्या गरम मेणात हात बुडवायचा, काढायचा, पुन्हा बुडवायचा. थरावर थर चढले की फिजिओ मुलगी वरून पिशवी चढवते, टॉवेल गुंडाळते आणि "हलायचं नाही हं" असं लहान मुलाला बजावावं तसं बजावून दुसऱ्या पेशंटकडे निघून जाते. मग नाकाला खाज सुटो की खिशात फोन वाजो, गप्प बसून राहण्याला इलाज नसतो.

त्या दुपारी शेकाच्या खोलीत दोघंच होते. एका खुर्चीवर गिटारच्या बाई, समोरच्या खुर्चीवर उंच, पांढऱ्या केसांचे एक गृहस्थ. दोघांनीही टॉवेलातले हात असे जपून मांडीवर ठेवले होते, जसं कुणीतरी त्यांच्याकडे झोपलेलं बाळ सोपवून गेलं होतं. बाहेर पाऊस रिपरिपत होता. काचेवरून पाणी ओघळत होतं. आणि गृहस्थांच्या शर्टाच्या खिशातला जुना बटणांचा फोन काही थांबायचं नाव घेत नव्हता.

"होईल बंद," ते म्हणाले. "त्रास होतोय का तुम्हाला? नाही ना? छान."

बाई उत्तरासाठी तोंड उघडेपर्यंत त्यांनी ते स्वतःच देऊन टाकलं होतं. फोन थांबला… पुन्हा सुरू झाला. शेवटी बाई उठल्या, त्यांच्यापुढे वाकल्या आणि खिशावर कोपर दाबलं.

"बाबा," खिशातून खणखणीत आवाज आला, "खरं सांगा, शेक घ्यायला गेलात की पुन्हा थाप मारलीत?"

"आलेत," बाईंनी खिशाला सांगितलं. "मेणात आहेत."

"तुम्ही कोण?" खिशानं विचारलं.

"मीसुद्धा मेणातच आहे."

गृहस्थांना हसू आवरेना. त्यांना हसताना बघून बाईंनाही आवरेना. हसता हसता बाईंच्या लक्षात आलं, की हा माणूस आपल्या डोळ्यांत बघत नाहीये… जरा खाली बघतोय. त्यांनी ओठ मिटले.

"माफ करा," ते घाईनं म्हणाले. "जन्मभराची खोड आहे. दातांचा डॉक्टर होतो. तुमचे दात फार सुंदर आहेत. तुमचेच आहेत ना? तुमचेच आहेत. छान."

बाईंचं कौतुक आजवर कमी झालं नव्हतं. वाजवण्याचं झालं होतं, शिकवण्याचं झालं होतं, तरुणपणी केसांचंही झालं होतं. दातांवर मात्र कुणाचा जीव जडला नव्हता. घरी परतताना बसमध्ये खिडकीशी बसून त्या दातांवरून हळूच जीभ फिरवत होत्या आणि स्वतःलाच हसत होत्या. साठी उलटून गेलेल्या बाईला शोभेल असं ते हसू नव्हतं.

पण घरात शिरल्यावर समोर गिटार दिसली आणि चेहरा पुन्हा उतरला.

बाईंनी लग्न केलं नव्हतं. बाहेरच्या खोलीत गिटारचे क्लास घेण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. आजूबाजूच्या तीन-चार गल्ल्यांमधली निम्मी मुलं त्यांच्यासमोर बसून बोटं सोलून घेऊन गेली होती. पाठच्या बहिणीची ड्युटी रात्रीची, ती नर्स होती. म्हणून तिची मुलगी लहानपणी बाईंकडेच झोपायची. तिला झोपवण्यासाठी बाईंनी एक धून बांधली होती. साधी, हळू चालीची; मध्यावर मात्र एक अवघड जागा होती. डाव्या हाताचं पहिलं बोट सगळ्या तारांवर आडवं दाबून धरायचं आणि बाकीच्या बोटांनी वरची कॉर्ड पकडायची. त्या जागेचा बाईंना अभिमान होता. सगळी धून म्हणजे त्या जागेपर्यंत जायची वाट, असं त्या मनातल्या मनात मानत.

आता भाचीचं लग्न ठरलं होतं. "मावशी, माझी धून वाजवायची तू. दुसरं मला काही नको," असं ती गळ्यात पडून म्हणाली होती आणि बाईंनी शब्द देऊन टाकला होता. अंगठ्याच्या मुळाशी सांधा झिजलाय, पहिल्या बोटाचं पेर सुजतंय, ती कॉर्ड दाबली की कोपरापर्यंत कळ जाते… यातलं काही त्यांनी सांगितलं नाही. क्लास का बंद केला असं कुणी विचारलं, तर कंटाळा आला म्हणून सांगायच्या. शेकाला जायच्या तेही बाजारात जाते म्हणून.

हे सगळं त्यांनी पहिल्यांदा सांगितलं ते डॉक्टरांना. का सांगितलं, हे त्यांनाही कळलं नाही. शेकाच्या खोलीत बोलण्याशिवाय दुसरं करण्यासारखं काही नसतं, हे एक कारण. हात बांधलेल्या माणसांना एकमेकांपासून लपवायला फारसं काही उरत नाही, हे दुसरं.

डॉक्टरांनीही सांगितलं. अंगठ्यानं दगा दिला म्हणून दवाखाना बंद करावा लागला होता. बायकोला जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगी दुसऱ्या शहरात होती, आणि ती म्हणायची की बाबा प्रश्न विचारतात तेव्हा समोरच्याच्या तोंडात कापूस आहे असं धरूनच चालतात.

"आहेच मुळी खरं," ते म्हणाले. "सगळा जन्म तोंड उघडून बसलेल्यांशी बोलण्यात गेला. दुखतंय का म्हणून विचारायचं, आणि नाही ना, छान, म्हणून पुढं जायचं. ते बिचारे काय उत्तर देणार?"

"मग ज्यांना खरंच दुखत असेल त्यांचं काय?"

"ते खुर्चीचा हात घट्ट धरायचे," डॉक्टर म्हणाले. "मी हाताकडे बघायचो. तोंडापेक्षा हात खरं बोलतो."

आणि त्यांनी बाईंच्या टॉवेलात गुंडाळलेल्या हाताकडे असं काही पाहिलं, की बाईंना वाटलं, मेण आहे ते बरंय.

फिजिओ मुलीनं बाईंना गिटार सोडा असं सांगितलं नव्हतं. थोडं वाजवा, तेवढंच थांबा, असं म्हणाली होती. दुखायला लागल्यावर थांबून उपयोग नाही, दुखायच्या आधी थांबायचं. ऐकायला सोपं होतं. पण गिटार मांडीवर आली की कुठलं भान राहायला? घड्याळाचा गजर लावून पाहिला, तर त्याच्या कर्कश आवाजानं सूर बिघडायचा आणि बाईंचं डोकंही.

पुढच्या वेळी डॉक्टर आले ते खिशात एक वस्तू घेऊनच. प्लॅस्टिकचं छोटंसं वाळूचं घड्याळ. वरच्या टोकाला डोळे मिचकावणारा एक दात, आत निळी वाळू. दवाखान्यात लहान मुलांना डॉक्टर अशी घड्याळं वाटायचे. वाळू संपेपर्यंत दात घासायचे, त्याआधी ब्रश खाली ठेवायचा नाही, असा हुकूम असायचा. दवाखाना बंद झाला तेव्हा त्यातलं एक उरलं होतं.

"एकदा वाळू पडेपर्यंत वाजवायचं. मग उलटं करायचं, पुन्हा पडेपर्यंत थांबायचं. तुमचं लक्ष तारांवर, माझं वाळूवर. मी येत जाऊ का? येतो. छान."

असं ते बाईंच्या घरी यायला लागले.

पहिल्या दिवशी दोघंही इतकं नीट वागत होते, की शेजारीण डोकावून विम्याचे एजंट आलेत का म्हणून विचारून गेली. बाई खिडकीपाशी गिटार घेऊन बसायच्या, डॉक्टर समोरच्या स्टुलावर, मध्ये तिपाईवर डोळे मिचकावणारा दात. वाळू संपली की ते काही बोलायचे नाहीत, नुसतं बोट वर करायचे. बाई थांबायच्या. मग ते कोमट पाण्याचं पातेलं पुढे सरकवायचे. बाई हात पाण्यात बुडवायच्या, आणि घड्याळ उलटं व्हायचं.

वाजवण्याच्या वेळात फक्त धून पुढं सरकत होती. बाकी सगळं घडत होतं ते थांबण्याच्या वेळात.

त्या वेळात बाईंना कळलं, की डॉक्टरांना अंधारात कडी लावता येत नाही, की ते चहा बशीत ओतून पितात आणि त्याबद्दल त्यांना अजिबात लाज नाही, की बायकोबद्दल बोलताना त्यांचा आवाज अजूनही खाली येतो. बाईंना ते आवडलं. ज्याला आधीचं प्रेम विसरता येत नाही, त्याच्यावर विसंबायला हरकत नसते. डॉक्टरांना कळलं, की बाई खोटं बोलताना डाव्या कानाची पाळी चोळतात. "तुम्ही बाजारात जाते म्हणून सांगता तेव्हा बहिणीला कळत असणार," ते म्हणाले, आणि बाईंनी कानावरचा हात चटकन खाली घेतला.

ते बोलत सुटले की बाई म्हणायच्या, "आता तुमच्या तोंडात कापूस आहे असं समजा."

ते खरोखर गप्प बसायचे. लहान मुलासारखे गाल फुगवून. मग बाई बोलायच्या, आणि आपल्याला सांगण्यासारखं इतकं काही साठलंय याचं त्यांनाच नवल वाटायचं. वाळू पडून गेलेली असायची. बोट वर करायचं असतं ते कुणी करत नसे.

एकदा पाण्यातून हात काढल्यावर डॉक्टरांनी टॉवेल घेतला आणि एकेक बोट हलक्या हातानं टिपलं. त्यांचाही अंगठा वाकडा, बाईंचाही. दोन्ही हात एकमेकांशेजारी ठेवले तर कुणालाही दया यावी. बाईंना मात्र त्या क्षणी आयुष्यात पहिल्यांदा वाटलं, की या दुखण्याचे आपल्यावर उपकार आहेत. सांधा शाबूत असता, तर हा माणूस आपल्याला कुठं भेटणार होता?

लग्न जवळ आलं तशी धून वळणावर आली. बाई अवघड जागेपर्यंत यायच्या आणि तिथं कॉर्ड खरखरायची, नुसती खट्ट वाजायची. पुन्हा करायच्या, पुन्हा खट्ट. आणि एका संध्याकाळी… पाऊस थांबला होता, खिडकीतून तिरपं ऊन आत आलं होतं… ती वाजली. स्वच्छ, भरून, सगळ्या तारांसकट. बाईंच्या चेहऱ्यावर असा उजेड पडला, की डॉक्टरांनी घड्याळाकडे पाहिलं आणि पाहिलं नाही असं केलं. वाळू केव्हाच संपली होती. बाई वाजवत होत्या, पुन्हा पुन्हा तीच जागा, आणि डॉक्टरांचं बोट काही वर होत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंना कपाचा कान धरता येईना. पहिलं बोट टम्म सुजलं होतं. फिजिओ मुलीनं पट्टी बांधली आणि लग्नापर्यंत गिटारला हात लावायचा नाही, लग्नादिवशीसुद्धा ती कॉर्ड विसरा, म्हणून स्पष्ट सांगितलं.

डॉक्टर आले. दारातच पट्टी बघून थबकले. आत आलेच नाहीत.

"मी बघितलं होतं," ते म्हणाले. "वाळू संपलेली बघितली होती. तुम्ही इतक्या… मला थांबवावंसंच वाटलं नाही. मी इथं येण्यानं तुमचं नुकसान झालं. यापुढं नको ना यायला? नकोच."

या वेळी ते छान म्हणाले नाहीत. वळले आणि जिना उतरून गेले. शेकाची वेळही त्यांनी बदलून घेतली, हे बाईंना फिजिओकडून कळलं.

बाई संतापल्या. हाताबद्दल नाही; हाताचा राग त्यांना डॉक्टरांवर धरवतच नव्हता. त्या उजेडात ते बोट वर झालं असतं तर आपणच ते मोडलं असतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. राग होता तो वेगळाच. इतकी मोठी गोष्ट विचारली, आणि उत्तरही स्वतःच देऊन मोकळा झाला हा माणूस. मला तोंड नव्हतं का? तिपाईवरचा दात डोळा मिचकावत होता. बाईंनी त्याची पाठ भिंतीकडे केली, आणि थोड्या वेळानं पुन्हा सरळ केली.

भाचीला सांगणं भागच होतं. ती नवीन कपड्यांची पिशवी घेऊन आली, मावशीच्या हाताची पट्टी बघून मटकन खाली बसली. बाईंनी सगळं सांगितलं. सांधा, शेक, बाजाराची थाप, सगळं. "तुला शब्द दिला होता," त्या म्हणाल्या, आणि आवाज फुटला. "ती मधली जागा आता माझ्या हातून वाजणार नाही गं. तीच तर खरी धून आहे."

भाची गोंधळून बघत राहिली. "कुठली मधली जागा?"

"अगं, मध्यावरची. ती चढत जाते आणि मग…"

"मावशी," भाची हळूच म्हणाली, "मी तोवर झोपलेली असायचे. मध्यापर्यंत मी कधी जागीच राहिले नाही."

बाई तिच्याकडे बघतच राहिल्या. ज्या जागेसाठी सांधे पणाला लावले, बोट सुजवून घेतलं, ती जागा या पोरीनं जन्मात ऐकलीच नव्हती. तिच्यासाठी धून म्हणजे फक्त सुरुवात होती, डोळे जड होईपर्यंतची. बाईंना आधी रडू आलं आणि मग हसू, आणि मग दोन्ही एकदम. भाचीनं आपलं डोकं मावशीच्या खांद्यावर टेकवलं.

"मी झोपायचे तिथपर्यंत वाजव," ती म्हणाली. "मला तेवढंच हवंय."

ती गेल्यावर बाईंनी उजव्या हातानं फोन लावला. पलीकडून "कोण बोलतंय?" ऐकू आल्याबरोबर त्या म्हणाल्या, "तुमच्या तोंडात कापूस आहे असं समजा. भाचीच्या लग्नाला यायचंय. वाळूवर लक्ष ठेवायला माणूस हवाय. घड्याळ माझ्याकडे आहे, बोट तुमचं आणा." आणि उत्तराची वाट न बघता त्यांनी फोन ठेवला. कळू दे त्यालाही, कसं वाटतं ते.

लग्नाचा समारंभ छोटासाच होता. सही-शिक्के झाल्यावर एका हॉलमध्ये घरची माणसं जमली. खिडक्या उघड्या होत्या, बाहेरच्या ओल्या झाडांचा वास आत येत होता. बाई गिटार घेऊन खुर्चीवर बसल्या. पहिल्या रांगेत, अगदी समोर, डॉक्टर बसले होते; शर्टाची वरची गुंडी चुकीच्या काजात, कारण अंगठा. बाईंनी त्यांच्या हातात घड्याळ दिलं. त्यांनी ते उलटं केलं आणि नजर वाळूवर खिळवली.

बाई वाजवायला लागल्या. पूर्वीपेक्षा हळू, मोकळ्या तारांवर जास्त, दुखरं बोट वर उचलून. तिघाचौघांच्या हातात एखादं काम दिलं आणि एकाला सुट्टी दिली, तरी काम होतंच. तशी धून होत होती. इतकी वर्षं या हातानं न मागता दिलं, आजही निम्मं देतोय… बाईंना एकेका बोटाचे आभार मानावेसे वाटत होते. समोर भाचीनं डोळे मिटले. धून चढणीच्या पायथ्याशी आली, आणि बाईंना दिसलं की डॉक्टरांचं बोट वर आहे.

त्या थांबल्या. तारांवर तळहात ठेवला. हॉलमध्ये कुणालाही काही राहून गेल्यासारखं वाटलं नाही. भाचीनं डोळे उघडले तेव्हा ते भरून आले होते, आणि ती उठून आली ती सरळ मावशीच्या कुशीत.

माणसं पांगली, खुर्च्या आवरायचे आवाज सुरू झाले, तेव्हा डॉक्टर बाईंच्या शेजारी येऊन बसले. घड्याळ अजून हातातच होतं.

"वेळेवर वर केलं ना बोट?" त्यांनी विचारलं. मग घाईनं म्हणाले, "नाही, हे उत्तर तुम्ही द्या."

"वेळेवर केलंत," बाई म्हणाल्या.

मग डॉक्टर घसा खाकरत म्हणाले, "रोज मी तुमच्याकडे यायचो… आणि संध्याकाळी परत जायचो. एखाद्या दिवशी… म्हणजे एखाद्या दिवसापासून… मी परत गेलोच नाही, तर चालेल तुम्हाला?"

सवयीनं त्यांचे ओठ पुढचा शब्द बोलायला उघडले. त्यांनी ते दाबून मिटले. घड्याळ उलटं करून दोघांच्या मध्ये ठेवलं, आणि खुर्चीचा हात घट्ट धरून ते वाट बघत बसले.

बाईंनी आधी त्या हाताकडे पाहिलं. मग वाळूकडे. बारीक निळी वाळू सावकाश पडत होती. छळायचं म्हणून नाही, पण त्या लगेच बोलल्या नाहीत. कुणीतरी आपल्या उत्तराची वाट बघतंय, आणि आपल्याला ते ठाऊक आहे, हे सुख त्यांना थोडं जिभेवर घोळवायचं होतं. अर्धी वाळू पडली तेव्हा त्यांनी पट्टी बांधलेल्या हातानं घड्याळ आडवं केलं. वाळू जागच्या जागी थांबली.

"चालेल," बाई म्हणाल्या. आणि डॉक्टरांनी तोंड उघडायच्या आत त्यांनी स्वतःच पुढचं म्हणून टाकलं, "छान."